एक काढला की सगळे येतात

दिवाळीच्या सुट्टीत भाऊ पुण्याहून आला, तेव्हा माझ्या लेकीसाठी टिनटिन या भटक्या बातमीदाराच्या चित्रकथांची चार पुस्तकं घेऊन आला. लेक नऊ वर्षांची. तिला वाचण्यापेक्षा बघून काढायचा नाद जास्त. शहाद्याच्या आमच्या घराच्या ओट्यावर पालथी पडून ती दिवसभर काढत होती. कॅप्टन हॅडॉकच्या दाढीला तिला अख्खी दुपार लागली. प्रोफेसर कॅल्क्युलसची टोपी तीनदा खोडली. टोपी जमली तर चष्मा जमेना. दोन जुळ्यासारखे दिसणारे पोलीस आहेत ना, त्यांच्या मिशांमध्ये बारीकसा फरक असतो, तो तिनं स्वतः शोधून काढला आणि मला बोलावून दाखवला.

चौथ्या दिवशी ती एक कागद घेऊन स्वयंपाकघरात आली. कागदावर अकरा चेहरे होते. सगळे काळे, गोल डोक्यांचे, डोळ्यांच्या जागी पांढरी वर्तुळं, आणि तोंडाच्या जागी केळीएवढे ओठ.

"आई, हे एकदम सोपे आहेत. एक काढला की सगळे येतात."

चारातलं एक पुस्तक काँगोचं होतं. आफ्रिकेतल्या काँगोचं.

मी चित्रकला शिक्षिका आहे. धुळ्याला ए.टी.डी. केलं आणि गेली अठरा वर्षं तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला दरवर्षी मुलं बसवते. संकल्पचित्र शिकवताना मी मुलांना सांगते, एक पान नीट काढा, मग तेच फिरवून फिरवून सगळ्या चौकटीत भरा. म्हणजे लेकीचं वाक्य माझ्याच वर्गातलं होतं. पण ते पानाबद्दल होतं. माणसाबद्दल ते कुणाला म्हणता येईल असं मला तोवर वाटलं नव्हतं. आणि गंमत म्हणून ती हे म्हणत नव्हती. तिनं हातानं तपासून पाहिलं होतं. गोऱ्या माणसांचे चेहरे काढायला तिला एकेक दुपार लागली होती आणि काळ्या माणसांचे अकरा चेहरे दहा मिनिटांत झाले होते.

त्या रात्री ती झोपल्यावर मी ते पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं, चित्रकलेच्या बाईच्या नजरेनं. टिनटिन काढणाऱ्या एर्जेचा हात असामान्य आहे. बेल्जियमचा हा माणूस, खरं नाव जॉर्ज रेमी. त्याची रेघ स्वच्छ, सगळीकडे एका जाडीची, छाया नाही, खोडाखोड नाही. मोटारगाडीचं चाक त्यानं काढलं तर त्या चाकाचे खिळेसुद्धा खरे वाटतात. मी वर्गात त्याची पानं दाखवत आले आहे आणि पुढेही दाखवीन. पण ज्याला मोटारीचा एकेक खिळा दिसतो, त्याला माणसाचं नाक दिसत नाही? पानांमागून पानं उलटली. आजोबा असो, पोर असो, राजा असो, हमाल असो, तेच डोकं, तेच डोळे, तेच ओठ. नाव लक्षात राहील असा एक मुलगा आहे, कोको, टिनटिनचं सामान उचलणारा. तोही गर्दीत उभा केला तर मला ओळखता येणार नाही.

ही चित्रकथा जून १९३० पासून वर्षभर ब्रसेल्सच्या एका कॅथलिक वर्तमानपत्राच्या मुलांच्या पुरवणीत येत होती. एर्जे तेव्हा तेवीस वर्षांचा. त्याला टिनटिनला अमेरिकेत पाठवायचं होतं. पण पत्राचे संचालक नॉर्बेर वालेज हे पाद्री होते आणि बेल्जियन पोरांना आपल्या वसाहतीची गोडी लागावी अशी त्यांची इच्छा होती. म्हणून आधी काँगो. एर्जे काँगोला कधी गेला नव्हता. तो पाहायला गेला ते ब्रसेल्सजवळच्या तेर्व्यूरेन गावातल्या वसाहतीच्या संग्रहालयात. तिथे बिबट्याचं कातडं पांघरून, हातात लोखंडी नख्या घेऊन झोपलेल्या माणसावर चाल करणाऱ्या काँगोलीज माणसाचा पुतळा होता. एर्जेनं तो जवळपास जसाच्या तसा पुस्तकात घेतला. तो पुतळा पोल विसार्त या बेल्जियन शिल्पकारानं केलेला होता. म्हणजे काँगोचा माणूस बघायला गेला आणि आपल्याच गावच्या माणसानं घडवलेला बघून आला. आमच्या भाषेत याला नकलेची नक्कल म्हणतात. परीक्षेत मी त्याला मार्क देत नाही.

त्याच पुस्तकात एक शाळेचं पान आहे. ते मी परत परत उघडलं, कारण ते माझ्या रोजच्या जगण्याचं आहे. मिशनच्या शाळेत गुरुजी आजारी पडतात आणि टिनटिन तास घेतो. मूळ आवृत्तीत तो काँगोच्या पोरांना सांगतो की आज मी तुम्हाला तुमच्या देशाबद्दल सांगणार आहे, तुमचा देश म्हणजे बेल्जियम. १९४६ मध्ये एर्जेनं सगळं पुस्तक नव्यानं, रंगीत, बासष्ट पानांत काढलं. तेव्हा हा धडा काढून टाकला आणि फळ्यावर दोन अधिक दोन आलं. वर्गातल्या एकाही पोराला उत्तर येत नाही. १९७५ मध्ये स्कँडिनेव्हियाच्या प्रकाशकांनी तक्रार केली, तर टिनटिन गेंड्याच्या पाठीला भोक पाडून त्यात सुरुंग ठेवतो ते पानही त्यानं बदललं. धडा बदलला. गेंडा वाचला. बाकांवर बसलेल्या पोरांचे चेहरे मात्र होते तसेच राहिले.

मी अशा वर्गात रोज उभी असते जिथे समोरच्या अर्ध्या पोरांची घरची भाषा माझी भाषा नसते. कुणी पावरी बोलतं, कुणी भिलोरी, कुणी अहिराणी. पुस्तक पुण्या-मुंबईच्या मराठीत. पहिलीचं पोर गप्प बसतं तेव्हा त्याला दोन अधिक दोन येत नाही असं नसतं. बाजारात मिरच्यांचा हिशेब ते माझ्यापेक्षा पटकन करतं. त्याला माझा प्रश्न कळलेला नसतो. टिनटिनच्या त्या वर्गातली पोरं गप्प आहेत ती का, हे चित्र काढणाऱ्यानं स्वतःला विचारलंच नाही.

पाडव्याला अण्णा भुसावळहून आले. माझे वडील. लोको शेडला फिटर होते, आयुष्य इंजिनाच्या पोटात गेलं. मी त्यांना आगगाडीचं पान दाखवलं. टिनटिनची जुनाट मोटार रुळावर अडकते, समोरून गाडी येऊन धडकते, मोटारीला ओरखडा नाही आणि आख्खी आगगाडी कलंडते. मग टिनटिन त्या लोकांना कामाला लावतो, गाडी उचला म्हणतो, आणि त्याचा कुत्रा त्यांना आळशी म्हणतो. अण्णांनी चष्मा पुसला. म्हणाले, "अशी पडते का गाडी? आणि रूळ कोणी टाकलेत मग? कुत्र्यानं?"

अण्णांचा प्रश्न खरा होता. काँगोतल्या मातादी बंदरापासून आत जाणारा लोहमार्ग १८९० ते १८९८ या काळात बांधला गेला. बांधणाऱ्यांपैकी मेलेल्यांची सरकारी मोजणीच गोरे १३२ आणि काळे व आशियाई मिळून सुमारे १८०० अशी आहे. मी हे वाचून दाखवलं तेव्हा अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गँगमनची मोजणी नेहमी कमीच असते, बेटा." ज्यांनी ते रूळ टाकले त्यांच्या नातवंडांना तीस-चाळीस वर्षांनी ब्रसेल्सच्या पोरांसमोर आळशी म्हटलं गेलं.

आमची जिजी, अण्णांची आई, शिरपूरकडची. ती आता नाही. पण मला लहानपणचं एक आठवलं आणि ते आठवल्यावर मी बेचैन झाले. भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये बदलीवर जाणारी माणसं रद्दी विकून जायची. त्यात कधी इंग्रजी कॉमिक्सचा गठ्ठा निघायचा. अण्णा किलोच्या भावानं घेऊन यायचे. वेताळ, मँड्रेक, टिनटिन, अ‍ॅस्टेरिक्स. मँड्रेकचा दणकट सोबती लोथार मला आवडायचा. अ‍ॅस्टेरिक्समध्ये समुद्री चाच्यांच्या डोलकाठीवर चढून टेहळणी करणारा एक काळा माणूस आहे, लाल जाडजूड ओठांचा. फ्रेंचमध्ये त्याच्या तोंडी 'र' येत नाही असं दाखवलंय, म्हणजे त्याला नीट बोलताही येत नाही. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. त्याच्यावर बोट ठेवून मी हसत होते. जिजी शेजारी लसूण सोलत बसली होती. तिनं पुस्तक हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं,

"हाऊ मानूस शे का?"

मी म्हटलं, हो, माणूस आहे, चोर आहे. जिजीनं पुस्तक परत दिलं. "मानूस असा नही ऱ्हास," एवढंच म्हणाली आणि लसूण सोलायला लागली. जिजीला वाचता येत नव्हतं. तिला आफ्रिका माहीत नव्हती. मला जे कळायला पुढची तीस वर्षं लागली ते तिनं एका नजरेत सांगितलं होतं.

मग हा चेहरा आहे तरी कुणाचा? मी शोधत गेले. आफ्रिकेत हा चेहरा सापडत नाही. सापडतो तो अमेरिकेतल्या रंगमंचावर. १८३० च्या सुमारास तिथे गोरे नट जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून, ओठांभोवती रुंद पट्टा रंगवून, गुलामांची सोंगं करू लागले. टॉमस राइस नावाच्या नटाचं जिम क्रो हे सोंग त्यातलं सगळ्यात गाजलेलं. पुढे हे खेळ इंग्लंडात गेले, युरोपात पसरले. काळं काळं तोंड, त्यात पांढरे डोळे आणि फाकलेले ओठ हा त्या रंगरंगोटीचा परिणाम आहे. लांबच्या प्रेक्षकालाही दिसावं म्हणून केलेला. १८९५ मध्ये फ्लॉरेन्स अप्टनच्या मुलांच्या पुस्तकात तोच चेहरा कापडी बाहुला होऊन आला, गॉलिवॉग. इंग्लंडातल्या घराघरांत तो पोरांच्या उशाशी झोपला. एका मुरंब्याच्या बरणीवर तर तो विसावं शतक संपेपर्यंत होता. फ्रान्समध्ये १९१५ साली केळीचं पीठ आणि कोको घातलेल्या एका पेयाच्या जाहिरातीवर सेनेगलचा शिपाई असाच दात काढून हसत बसला. केळीचं पीठ म्हटल्यावर माझं लक्ष गेलं, रावेर-यावलच्या केळीच्या मुलखातली माणसं आमच्या नात्यात आहेत. त्या पेयाचं नाव बनानिया. सेनेगलचे कवी आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लेओपोल सेंगोर यांनी लिहून ठेवलंय की फ्रान्सच्या सगळ्या भिंतींवरचं ते बनानियाचं हसू मी फाडून टाकीन.

तर युरोपातल्या चित्रकारांनी काळा माणूस काढला नव्हता. तोंड रंगवलेला गोरा माणूस काढला होता. तोच पुन्हा पुन्हा, बघून बघून.

हे मला कळलं त्या क्षणी मी पुस्तक मिटलं. कारण ते तोंड मी स्वतः रंगवलं आहे.

२०११ चं गॅदरिंग. आमच्या शाळेत दरवर्षी एक 'आदिवासी नृत्य' असतं. ज्या जिल्ह्यात दहातली जवळपास सात माणसं आदिवासी आहेत, त्या जिल्ह्यातल्या शाळेत. खताच्या गोण्या उसवून त्यांचे घागरे, पुठ्ठ्याचे भाले, कोंबडीची पिसं, आणि झिंगालाला म्हणत शेकोटीभोवती उड्या. मेकअपचं काम चित्रकलेच्या बाईंकडे, म्हणजे माझ्याकडे. काजळात खोबरेल तेल मिसळून मी सातवीच्या दहा मुलांची तोंडं काळी केली. डोळ्यांभोवती पांढरं. ओठांभोवती झिंक पावडरीची जाड पांढरी रेघ. ती रेघ मला कुणी सांगितली नव्हती. मला कुणी नमुना दिला नव्हता. हात आपोआप गेला. आज मला माहीत आहे हात कुठून शिकला होता ते. भुसावळच्या रद्दीतून.

दहांतली चार मुलं पावरा होती, एक भिल्ल. धडगावकडचा एक मुलगा, वसतिगृहात राहणारा, रांगेत शेवटचा होता. त्यानं मला विचारलं, "बाई, मला पण लावायचं?" मी म्हटलं, अरे सगळ्यांना सारखं पाहिजे ना, आणि हनुवटी धरून त्याचं तोंड वर केलं. तो डोळे मिटून उभा राहिला. मला आठवतंय, तो काहीच बोलला नाही. लहान मुलाला लस टोचताना ते जसं अंग घट्ट करतं, तसं त्यानं अंग घट्ट केलं होतं.

टाळ्या पडल्या. दुसरा नंबर आला. कार्यक्रम संपल्यावर त्याचे वडील मागे आले. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, खांद्यावर झोळी. सकाळी निघून दोन गाड्या बदलून आले होते. मला वाटलं आभार मानायला आलेत. ते हात जोडून म्हणाले, "बाई, होळीला आम्ही अंगाला पांढरे ठिपके लावतो. तोंडाला काळं नाही फासत."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मराठी त्यांची दुसरी भाषा, शब्द जपून वापरत होते. पण तोंडाला काळं फासणं याचा अर्थ त्यांना पूर्ण ठाऊक होता. मलाही होता. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा पोरांचा कार्यक्रम आहे, मनावर घेऊ नका, असलं काहीतरी. युरोपात ज्यांनी ज्यांनी तक्रार केली त्या सगळ्यांना हेच ऐकवलं गेलं आहे, मुलांचं पुस्तक आहे, मनावर घेऊ नका. मी ते वाक्य त्यांच्या पुस्तकातून शिकले नव्हते. ते माझ्याकडे आधीच होतं.

पुढच्या होळीला मी काठीला गेले. अक्कलकुवा तालुक्यात, मोलगीच्या बाजूला, डोंगरात. काठीची राजवाडी होळी बघायला आता बाहेरून पुष्कळ लोक येतात, फोटो काढतात. मी चित्रवही घेऊन गेले होते. रात्रभर ढोल. बुध्या म्हणजे होळीला सोंग घेऊन नाचणारे. त्यांच्या अंगभर राखेचे आणि तांदळाच्या पिठाचे ठिपके, कंबरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. होळीआधी काही दिवस ते व्रत पाळतात, खाटेवर झोपत नाहीत. मी एका बुध्याचं चित्र काढायला बसले आणि दीड तास घालवूनही मला तो जमला नाही. ठिपके नुसते ठिपके नव्हते. छातीवर एका तऱ्हेचे, पोटावर दुसऱ्या, पोटऱ्यांवर ओळीत. शेजारचा बुध्या पूर्ण निराळा. एक काढला आणि सगळे आले असं होईना. पहाटे होळी पेटली तेव्हा माझ्या वहीत चार अर्धवट माणसं होती, आणि चारांचे चार चेहरे.

एर्जेलाही पुढे असं झालं होतं. १९३४ मध्ये त्यानं टिनटिनला चीनला पाठवायचं ठरवलं, तेव्हा ब्रसेल्सच्या कला अकादमीत शिकणाऱ्या चांग नावाच्या चिनी विद्यार्थ्याशी त्याची गाठ घालून देण्यात आली. चांगनं त्याला शांघायचे रस्ते, पाट्यांवरची अक्षरं, कुंचल्याची पद्धत दाखवली. त्या पुस्तकातली बरीचशी चिनी माणसं एकमेकांसारखी दिसत नाहीत. जपान्यांचे चेहरे मात्र तिथेही जुन्याच साच्यातले राहिले. जो समोर बसला त्याचाच चेहरा दिसला. काँगोचा कुणी चांग त्याच्यासमोर बसला नाही. म्हातारपणी मुलाखत देताना तो म्हणाला होता की त्या वेळी माझ्या भोवतीचे लोक काँगोबद्दल जे बोलत तेवढंच मला माहीत होतं. मला त्याच्यावर अविश्वास दाखवायचा नाही. पण १९४६ ला अख्खं पुस्तक पुन्हा काढताना त्याच्यासमोर प्रत्येक चेहरा पुन्हा आला होता. एकेक करून.

आमच्या स्टाफरूममध्ये मी हा विषय काढला. इतिहासाचे सर म्हणाले, "मॅडम, त्या काळचं त्या काळात बघावं." सर चांगले वाचणारे आहेत, म्हणून मी त्यांना त्या काळातच नेलं. बेल्जियमच्या राजा लिओपोल्डच्या ताब्यात काँगो होता तेव्हा रबराचा कोटा भरला नाही की माणसांचे हात तोडले जात. १९०४ मध्ये अ‍ॅलिस सीली हॅरिस या इंग्रज मिशनरी बाईनं न्साला नावाच्या बापाचा फोटो काढला. तो ओसरीच्या कडेला बसून आपल्या पाच वर्षांच्या लेकीचा तोडलेला हात आणि पाऊल बघतो आहे. तो फोटो इंग्लंड-अमेरिकेत गावोगावी दाखवला गेला. १९०८ मध्ये काँगो राजाकडून काढून बेल्जियम सरकारकडे गेला त्यात अशा फोटोंचा वाटा होता. तो फोटो टिनटिनच्या काँगोआधी सव्वीस वर्षांचा. न्सालाचा चेहरा मी सरांना मोबाइलवर दाखवला. कपाळाच्या शिरा, खाली वळलेली नजर, गुडघ्याभोवतीचे हात. त्या काळात बघता येत होतं. एका बाईला, एका पेटीसारख्या कॅमेऱ्यातून, दिसलं होतं. आणि ज्या तेर्व्यूरेनमध्ये एर्जे पुतळा बघायला गेला, तिथेच १८९७ च्या प्रदर्शनात २६७ काँगोलीज माणसं आणून लोकांना बघायला ठेवली होती. त्यातली सात तिथल्या पावसाथंडीत मेली. तिथेच पुरली आहेत. बिबट्याचं कातडं पांघरलेला तो पुतळा ज्या इमारतीत उभा होता, तिच्यापासून त्या कबरी फार लांब नाहीत. सर म्हणाले, फोटो मला पाठवा.

२००७ मध्ये बेल्जियममध्ये राहणाऱ्या एका काँगोलीज माणसानं या पुस्तकाविरुद्ध दावा लावला. २०१२ ला कोर्टानं तो फेटाळला. मलाही बंदी नको आहे. पण इंग्लंडात २००७ च्या सुमाराला काही दुकानांनी ते मुलांच्या कप्प्यातून उचलून मोठ्यांच्या कप्प्यात ठेवलं, ते मला बरोबर वाटतं. मी आमच्या घरात तेच केलं. आणि हे जुनं झालं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की २०२३ मध्ये आलेलं स्पिरू या दुसऱ्या बेल्जियन चित्रकथेचं एक पुस्तक तसल्याच माकडतोंड्या चित्रांमुळे २०२४ च्या ऑक्टोबर-अखेरीस प्रकाशकाला माफी मागून दुकानांतून परत घ्यावं लागलं.

लेकीला मी न्सालाचा फोटो दाखवला नाही. तिच्या वयाला तो नाही. तिला मी काँगोचे चित्रकार शेरी सांबा यांचं २००२ चं एक मोठं चित्र दाखवलं. त्यात तोच बिबट्यावाला पुतळा आहे, पण काही आफ्रिकी माणसं त्याला दोर बांधून संग्रहालयाबाहेर ओढत आहेत आणि आतली गोरी माणसं तो जाऊ नये म्हणून धरून बसली आहेत. दोर ओढणाऱ्या माणसांवर ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग तिनं पेन्सिल घेतली. अर्ध्या तासानं म्हणाली, "आई, हे अवघड आहे."

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा पाचवीच्या वर्गात खडूच्या पेट्या वाटल्या. दर वर्षीसारखी पहिली आरोळी आली, "बाई, स्किन कलर संपला!" फिकट गुलाबी-केशरी खडूला आमच्याकडे सगळी मुलं स्किन कलर म्हणतात. कुणाच्याच कातडीचा तो रंग नसतो. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीनं अशाच एका खडूचं नाव १९६२ मध्येच बदललं, आधी त्याला 'मांस' म्हणत, मग 'पीच' म्हणू लागले. आमच्याकडे पावऱ्याचं पोरही स्वतःचं चित्र काढून त्यात तोच खडू घासतं. त्या दिवशी मी सगळ्या पेट्यांतले ते खडू गोळा केले आणि पोस्टर कलर काढले. पिवळी माती, तांबडी माती, पांढरा, थेंबभर निळा. सांगितलं, डावा हात कागदावर ठेवा आणि त्याच्यासारखा रंग करा, पूर्ण तास घ्या.

सुरुवातीला गोंधळ झाला. मग वर्ग शांत झाला, इतका की बाहेर पाण्याच्या टाकीचा नळ ठिबकताना ऐकू येत होता. मुलं एकमेकांच्या हाताला हात लावून बघू लागली. एक म्हणाला, माझा चिंचोक्यासारखा आहे. एकीनं सांगितलं, माझा कळण्याच्या भाकरीसारखा. एकाचा गुळाच्या ढेपेसारखा झाला आणि तो खूश झाला. बामखेड्याकडच्या एका मुलीनं हात उलटा केला आणि मला बोलावलं. "बाई, वरून वेगळा आहे आणि आतून वेगळा. कोणता करू?" मी म्हटलं, दोन्ही कर. तिनं दोन्ही केले, आणि मधल्या कडेचा तिसरा.

२०११ च्या त्या नाचाचा फोटो मोठा करून शाळेच्या ऑफिसात लावलेला होता. दुसऱ्या नंबरची ढाल आणि खाली दहा मुलं. गेल्या महिन्यात मी मुख्याध्यापकांना विनंती केली आणि त्यांनी तो उतरवून दिला. आता तो माझ्या चित्रकलेच्या कपाटात ड्रॉइंग पेपरच्या गठ्ठ्यावर आहे. परवा मी कागद काढायला गेले तेव्हा तो बाहेर घेऊन खिडकीशी उभी राहिले. मुलांची नावं एकेक करून घेत गेले. धडगावकडचा तो कडेला आहे, त्याला मी उंचीवरून ओळखलं. त्याच्याशेजारचा ओळखला, तो आता एस.टी.त वाहक आहे, भेटतो. असे आठ झाले. राहिलेल्या दोघांची तोंडं मी आपल्या हातानं रंगवली होती, आणि ती कुणाची आहेत ते मला सांगता आलं नाही.